आश्रुबांचा ठराव आणि भरतीचं पाणी

नेकनूरच्या निम्म्या गावाला आश्रुबांनी पोहायला शिकवलं. पाठीला रिकामा डबा बांधायचा आणि विहिरीत ढकलून द्यायचं, एवढीच त्यांची शाळा. स्वतः उडी मारण्याआधी ते खडा टाकायचे, कान लावायचे आणि आवाजावरून पाण्याची खोली सांगायचे. चूक कधी झाली नाही. दुष्काळाच्या तिसऱ्या वर्षी मात्र खडा टाकला की नुसतं खट्ट वाजायचं.

त्याच वर्षी आमच्या सोसायटीचा अभ्यासदौरा कोकणात निघाला, मच्छीमारांची सोसायटी बघायला. घरी प्यायला पाणी नव्हतं आणि आम्ही मासे बघायला चाललो होतो. माझा तमाशाचा फड बंद पडलेला, राजाचा मुकुट पेटीत. मीही बसमध्ये चढलो. आमचे आश्रुबा समुद्रात पोहून दाखवणार, असं चेअरमन आबासाहेब वाटभर सांगत होते. अडीच वर्षं अंग बुडालं नाही, मरायच्या आधी एकदा पोटभर पोहायचंय, एवढं आश्रुबांनी माझ्या कानात सांगितलं.

दुपारी किनाऱ्यावर पोचलो. आश्रुबा लंगोट कसून, कमरेवर हात ठेवून पुढं आले. मी चाळीस वर्षं रंगमंचावर काढली, पण असली एन्ट्री कुणाची पाहिली नाही. त्यांनी खडा टाकला, कान लावला. लाट फुटली. दुसरा टाकला. पुन्हा लाट.

"ह्ये पानी बोलतंय लई," ते मागं वळून म्हणाले, "पर सांगत काईच न्हाई."

त्यात पाणी मागं हटत चाललेलं. आम्हाला वाटलं, आमचाच पायगुण. इथंही आटायला लागलं. शेजारी मासे सुकवणारी बाई हसून हसून वाकली. ही ओहोटी, ती म्हणाली. आत्ता उतरलात तर पाणी आत ओढून नेईल, भल्याभल्यांचे हात थकतात. उद्या नऊ ते अकरा भरती असेल, तेव्हा खडक सोडून, त्या दोन होड्यांच्या मधे खुशाल पोहा.

पण बस सकाळी सातला निघणार होती. आबासाहेबांची बीडला बैठक होती.

"कावून भेता, आश्रुबा? हीर काय न् समुद्र काय," ते म्हणाले.

आश्रुबांनी परत धोतर नेसलं. संध्याकाळी पिठलं-भाकरीबरोबर सगळ्यांनी त्यांना चिडवून घेतलं.

सकाळी ड्रायव्हरनं बस चालू केली, तेव्हा पंधरा वर्षं सभेत तोंड न उघडलेला हा माणूस दारात आडवा उभा राहिला.

"मला ठराव मांडायचाय. बस अकराला निघावी."

मी राजाच्या आवाजात अनुमोदन दिलं. बसमध्ये सभा होत नसते, असं आबासाहेबांनी बजावलं. पण बत्तीस सभासद हजर, म्हणजे गणपूर्ती झालेली. एकोणतीस हात वर गेले. आबासाहेब आयुष्यात पहिल्यांदा हरले.

नऊला आश्रुबा उतरले. घोटा, गुडघा, कंबर. पाणी तोंडात गेलं, थुंकले आणि हसले. होड्यांच्या मधे चार फेऱ्या मारल्या, मग उताणे पडून राहिले. हात हलत नव्हते, पाय हलत नव्हते. पोट तेवढं लाटेबरोबर वरखाली होत होतं.

अकरा वाजले. आबासाहेब किनाऱ्यावर येऊन घड्याळ दाखवू लागले. आश्रुबा त्यांच्या दिशेनं आले आणि कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले.

"या की सायेब. मी धरतो."

आबासाहेबांनी इकडं तिकडं पाहिलं आणि टोपी माझ्या हातात दिली.

बस निघाली तेव्हा सव्वाबारा झाले होते, आणि आबासाहेबांचं ओलं धोतर खिडकीबाहेर फडफडत होतं.