धाकटीच्या भुवईवरचा वण

दहावीच्या परीक्षेला तीन आठवडे उरले असताना माझ्या लेकीला कांजिण्या आल्या. डॉक्टरांनी मला विचारलं, "तुम्हाला लहानपणी झाल्या होत्या?"

"न्हाई."

"मग दहा दिवस तिच्या खोलीत जाऊ नका. मोठेपणी जास्त त्रास होतो."

मी भांडले. सुदुंबऱ्याहून डोक्यावर भाजीची पाटी घेऊन निघालेली बाई मी. तळेगावच्या बाजारातला भाजीचा गाळा घासाघीस करूनच मिळवला. दहा दिवसांचे पाच करा म्हटलं. डॉक्टर हसले. "ताई, विषाणू भाव करत नाही."

धाकट्या जावेला मात्र लहानपणीच कांजिण्या होऊन गेल्या होत्या. उजव्या भुवईवर त्यांचा वण होता. सासऱ्यांनी लग्नानंतर तिला शिकवून शिक्षिका केली, माझ्या हाती पाटी दिली. आता लेकही तिच्याच ताब्यात गेली. दारावर कडुलिंबाचा डहाळा बांधला मी, घरात फोडणी बंद केली मी, आणि आत जाऊन बसली ती.

मी खिडकीबाहेरून दोघींचा अभ्यास ऐकायचे.

"प्रतिपिंडं कोण तयार करतं?"

"पांढऱ्या पेशी. काकू, तुझ्यात अजून आहेत का गं कांजिण्यांची प्रतिपिंडं?"

"आहेत की. शिवाय स्मृतिपेशी असतात. एकदा आलेला विषाणू त्या ओळखून ठेवतात."

दोघी हसल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसरीच्या लहानपणीच्या आजारावर जळणारी अख्ख्या मावळात मी एकटीच असेन.

"मला बी कळू द्या की, काय एवढं हसताय!"

"ताई, जरा लांब व्हा ना. खिडकी उघडी आहे," जाऊ म्हणाली.

"माझ्याच लेकीपासनं मला लांब करतीस व्हय गं?"

लेकच म्हणाली, "आई, ओरडू नको. आम्हाला सूक्ष्मजीवांचा धडा संपवायचाय."

आम्हाला. मी तिथून उठले ती थेट दवाखान्यात. "लस टोचा आणि आजच आत जाऊ द्या."

"लस देतो. पण प्रतिकारशक्ती तयार व्हायला काही आठवडे लागतात."

तरी टोचून घेतली.

सगळ्या फोडांवर खपल्या धरल्यावर डॉक्टरांनी परवानगी दिली. दार उघडताच लेक गळ्यात पडली. मी तिचं तोंड दोन्ही हातांत धरून निरखलं. एकच फोड तिनं खाजवून काढला होता. उजव्या भुवईवर.

"काकूसारखा वण राहणार बघ," ती कौतुकानं म्हणाली.

मी पदराचं टोक ओलं केलं आणि तिची भुवई पुसत राहिले.