जोतीराम गुळव्याची हाळी

आमच्या मुरगूडकडं गुऱ्हाळं पुष्कळ, पण हाळी एकच. जोतीराम गुळव्याची. काहिलीत रस आटत आला, बुडबुडे जड पडायला लागले, की हा वाफेत तोंड घालून उभा राहायचा आणि नेमक्या क्षणाला ओरडायचा, "धरा रं!" लगेच गडी काहील चुलीवरनं उतरवायला भिडायचे. जरा उशीर झाला की गूळ काळा. एकदा त्यानं अशी हाळी दिली, तर रस्त्यावरच्या एसटीच्या ड्रायव्हरनं ब्रेकच दाबला. कंडक्टर धावत आला. "कोण पडलं वो?"

"कोण न्हाय पडलं. आलाईसा तर गरम गूळ खाऊन जावा की पावणं!"

अख्खी गाडी गूळ खाऊन गेली. खोटं वाटत असेल तर आमच्या गावात विचारा.

अशा माणसाच्या नेमक्या गळ्यातच गाठ निघाली. आवाज आधी चिरका झाला, मग घोगरा. कोल्हापूरच्या डॉक्टर रोहिणीबाई म्हणाल्या, "कॅन्सर आहे, पण लवकर सापडलाय. किरणं देऊ. गाठ गेली तर आवाज राहील. नाही गेली, तर स्वरयंत्र काढावं लागेल."

जोतीराम जिवाला भ्याला नाही, हाळीला भ्याला.

आता आम्हा शेतकऱ्यांची अक्कल बघा. तण मारायचं तर त्याचं पाणी तोडायचं, हे आम्हाला जन्मापासून ठाऊक. तोच कायदा त्यानं गाठीला लावला. "मी खाल्लं की ती खाती. उपाशी मारतो तिला!" दूध बंद, अंडी बंद, मटण तर दारातही नको. त्याची बायको अंबूवहिनी त्याला नुसत्या पेजेवर ठेवायला लागल्या. गल्लीनं माना डोलावल्या, त्यात माझीही एक. बिडी मात्र चालू. का, तर मला म्हणायचा, "बिडीत कुटं खुराक असतोय, बाळासो? नुसता धूर की!"

किरणं सुरू झाल्यावर एकदा मी सोबत गेलो होतो. रक्ताचा रिपोर्ट बघून बाई दचकल्या. "काका, रक्त एवढं कसं उतरलं?" जोतीरामनं छाती फुगवून सगळं सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला.

"गाठ उपाशी मरत नाही, काका. तुम्ही मात्र वाळताय. किरणांना गाठ मारायला प्राणवायूची साथ लागते, आणि तो रक्तातनं जातो. गाठीच्या आत जिथं तो पोचत नाही, तिथल्या पेशी किरणं झेलूनसुद्धा तगतात. आणि तुमच्या बिडीचा धूर रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो."

जोतीराम हळूच म्हणाला, "म्हंजे चुलवाणात चिपाड ठासून भरल्यावानी. वारं शिरत न्हाय. भायेरनं जळतंय, मधलं तसंच ऱ्हातंय."

"अगदी तसंच!"

"आणि वारं मीच कोंडलं व्हय!" त्यानं खिशातलं बिडीचं बंडल काढून टेबलावर ठेवलं.

"इथं कशाला? कचऱ्यात टाका."

"टाकतो. रक्त वाढलं की गाठ हमखास जाईल न्हवं?"

"हमखास कुणी सांगू नये, काका. पण वाट मोकळी करणं आपल्या हातात आहे."

घरी अंबूवहिनींनी आधी त्याला झापलं, मग मला. "तुमी मान डोलावलासा म्हणूनच मी माझ्या हातानं उपाशी ठिवलं!" दुसऱ्या दिवसापासून चूल पेटली ती पेटलीच. पुढं किरणांनी घसा सोलवटला, पाणीसुद्धा टोचायला लागलं. वहिनी दुधात अंडं घुसळून चमच्यानं पाजायच्या. "गिळा! वारं घालतीया." तो डोळ्यांत पाणी आणून गिळायचा, आणि हसायचाही.

किरणं संपल्यावर नळी घालून तपासलं, तेव्हा गाठ दिसेना. बाई म्हणाल्या, तपासायला येत राहा. आवाज राहिला, पण खरवडलेला.

यंदा गुऱ्हाळ पेटलं. जोतीराम वाफेत उभा. एरवी गडी एकमेकांची आई-बहीण काढत असतात. त्या दिवशी सगळे चिडीचूप, कान टवकारून. आणि आलं, बारीक, फाटकं, पण नेमक्या क्षणाला, "धरा रं!"

काहील उतरली. गूळ पिवळाधमक.

"काका, जरा जोरात वरडा की!" एक गडी चेष्टेनं म्हणाला.

"जोरात कशाला? तू कान हिकडं ठेव."