जाळीवरचा हार
आज सिग्नलला शेजारच्या टेम्पोचा रेडिएटर उकळला आणि त्या गरम, गोडसर वासाने मला एकदम जव्हारच्या घाटात नेलं. उमेळे गावातली आमची वाडी इमारतीसाठी विकून आम्ही घाटापलीकडे घेतलेल्या जमिनीवर राहायला निघालो होतो. बाबा जीप चालवत होते, मागच्या ट्रॉलीत विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन होतं, आणि जीपच्या रेडिएटरसमोरच्या जाळीवर आईने सकाळी बांधलेला हार. निघताना गाडीला हार हवाच, म्हणून वाडीत होती नव्हती ती सगळी फुलं तिने ओवली होती. झेंडू, तगर, सोनचाफा, इतका दाट की मागची जाळी दिसेना. चढ लागला तसा इंजिनच्या तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला. बाबांनी गाडी कडेला घेतली, निवू दिली, पाणी घातलं, फॅनबेल्ट चाचपला. सगळं ठीक होतं. पण दोन वळणं गेलो, तर पुन्हा वाफ. "ओझं जास्त झालंय," म्हणत बाबा पुन्हा पाणी ओतायला लागले. आई उतरली आणि जाळीसमोर जाऊन उभी राहिली. "अहो, हिला वारा कुठून लागणार?" म्हणाली आणि तिने स्वतःच दोरा तोडला. शिजून मऊ पडलेला तो हार ती मांडीवर घेऊन बसली. काटा खाली आला, घाट सरला. आता मी स्वतः गाडी चालवते. जन्मभर जीप चालवलेल्या बाबांना पहिल्यांदा बॉनेट उघडतानाच हाराचं कळलं असणार. तो हार सोडून ते बाकी सगळं तपासत होते.