शनिवारी चार वाजता, काकांकडे

काकू गेल्यानंतर दोन महिन्यांनी आमच्या चर्चमधले काका रविवारच्या उपासनेला आले. एरवी ते फक्त नाताळला यायचे. मागच्या बाकावर बसले, गाताना नुसतं गीतांचं पुस्तक धरून उभे राहिले. उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "दर शनिवारी त्यांच्याकडे जाशील? त्यांना विश्वासात कुणाची तरी सोबत हवीय."

मी तेव्हा छत्तीस वर्षांचा, अंधेरीला एका विमा कंपनीत नोकरीला. काका एकाहत्तरचे. ट्रॉम्बेला यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. "मी त्यांना काय शिकवणार?" मी म्हटलं.

"शिकवू नकोस. नुसता जात जा."

मी ऐकलं नाही. बारा पाठांची एक फाइल केली, प्रत्येक पाठाखाली प्रश्न लिहिले आणि शनिवारी चार वाजता घाटकोपरला त्यांच्या दारात उभा राहिलो.

काकांनी पहिला पाठ हूं की चूं न करता ऐकला. मग म्हणाले, "संपलं? आता चहा घे." दुसऱ्या शनिवारी तेच. तिसऱ्या शनिवारी मात्र त्यांनी हात लांब करून माझी फाइल मिटली.

"हे सगळं मला येतं रे. लहानपणी चर्चच्या रविवारच्या शब्बाथ शाळेत बक्षीस मिळवलंय मी. मला दुसरंच विचारायचंय. ही रोज पहाटे साडेपाचला या टेबलाशी बसायची. चाळीस वर्षं. मी समोर पेपर वाचायचो. ती नक्की काय करायची?"

पाठातलं काहीतरी सांगता आलं असतं. पण ते माझ्याकडे असे बघत होते, की खोटं बोलवेना. "काका, खरं सांगू? मी स्वतः रोज बसत नाही. रिक्षात बसल्यावर दोन मिनिटं डोळे मिटतो, तेवढंच."

ते मोठ्यांदा हसले. "म्हणजे दोघेही नापास!"

मग उठून त्यांनी कपाटातून काकूंचं पवित्र शास्त्र आणलं. काकू गेल्यापासून त्यांनी ते उघडलं नव्हतं. पानांच्या कडेला पेन्सिलीनं बारीक अक्षरात काय काय लिहिलेलं होतं. काकांना ते दिसेना, म्हणून मी वाचू लागलो. "पाणी आलं नाही." "धाकटीचा ताप उतरला." "शेजारणीला सून समजू दे." एका स्तोत्राशेजारी होतं, "ह्यांचा फार राग आलाय. उद्या बघू."

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं. दोन पानं पुढे गेल्यावर आलं, "आज पंधरावा दिवस. हे बोलत नाहीत. ह्यांना धीर दे." आता ते हसले नाहीत.

मग म्हणाले, "प्रमोशन हुकलं होतं माझं. महिनाभर घरात तोंड उघडलं नाही मी. मला वाटायचं, हिच्या लक्षातच आलं नाही."

त्या दिवसापासून फाइल बंद. शनिवारी आम्ही काकूंचं एखादं पान वाचायचो, तिथलं वचन वाचायचो आणि त्या दिवशी घरात काय चाललं होतं ते काका सांगायचे. कांदेपोहेही तेच करायचे, मिरची जरा जास्तच. मी आपोआप सकाळी लवकर उठायला लागलो. बायकोनं विचारलं, "तब्येत बरी आहे ना?"

काका मोठ्यानं प्रार्थना मात्र करत नसत. "ते तुझं काम," म्हणायचे.

एका शनिवारी मीच वैतागून गेलो होतो. माझी नागपूरला बदली झाली होती. मुलीची शाळा, आईचे गुडघे, सगळ्याचीच वाट लागणार होती. मी चहाला हातसुद्धा लावला नाही. काकांनी एकदम डोळे मिटले.

"प्रभू, ह्याची बदली झालीये. नागपूरला फार उकाडा असतो. ह्याची आई इथे एकटी पडेल, तिच्याकडे मी जाईन. ह्याच्याकडे तू बघ. आमेन."

कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्यांच्या. मला हसूही आलं आणि भरूनही आलं.

बदली काही टळली नाही. आठ महिने मी एकटा नागपूरला राहिलो. दर शनिवारी चारला काकांचा फोन यायचा. आधी आईच्या गुडघ्यांची बातमी, मग एक वचन, मग "जेवतोस ना नीट?" मुलुंडला माझ्या घरी ते खरंच दर आठवड्याला जायचे. आई म्हणायची, तो माणूस फिजिओथेरपीवाल्यापेक्षा कडक आहे.

परत आल्यावर पहिल्याच शनिवारी न कळवता त्यांच्याकडे गेलो. दार उघडंच होतं. टेबलाशी आमच्याच मंडळीतला एक पन्नाशीचा गृहस्थ बसला होता. त्याचा घटस्फोट झाल्याचं आणि त्यानं चर्चला येणं सोडल्याचं माझ्या कानावर होतं. काका त्याच्या बशीत पोहे वाढत होते.

"आलास? बस," ते मला म्हणाले. "आमचं आजचं पान निम्मं झालंय. मध्ये बोलू नकोस."

मी सोफ्यावर बसलो आणि ऐकत राहिलो. तो गृहस्थ मुलीबद्दल सांगत होता, ती फोन उचलत नाही म्हणून. काका सल्ला देत नव्हते. मधूनच "मग?" म्हणत होते, इतकंच.