मास्तरांची फळी

मास्तर दहा पावलांवर गेले तरी कापडावर खुणा करायच्या खडूनं दुकानाच्या दारफळीवर लिहून जात: 'चहाले. दहा मिनिटात येतो.' परत आले की तळहातानं पुसत. टपरी समोरच. तिथे बसलेले ते आम्हाला दिसत, तरी लिहीत.

"मास्तर, संडासले जातानाबी लिवता काय?" टपरीवरचा पोरगा विचारी.

"लिवतो ना बे. तू वाचतं म्हणूनच त लिवतो."

वरवट बकालला त्यांच्या शिलाईच्या दुकानात मी काज-बटणं करायची. माझी चौथी झालेली. चारचौघांत मला बोलता येत नाही, पण अक्षर बरं आहे. मास्तर म्हणत, "बोलू नको. लिव."

फळीचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं. आणीबाणीत ते तेवीस वर्षांचे. कुणाच्या तरी सभेचा कापडी फलक शिवला म्हणून पोलिसांनी उचललं. कुठे नेलं ते घरी कुणी सांगेना. त्यांच्या मायनं वकील गाठला. तो म्हणाला, "मावशी, सध्या कोर्टालेही विचारता येत नाही." मग कुणाच्या तरी सांगण्यावरून माय एका तुरुंगाच्या फाटकावर दर आठवड्याला भाकरीचा डबा देऊ लागली. डबा रिकामा परत येई. म्हणजे पोरगा जेवतो, असं समजून ती तीन महिने जात राहिली. मास्तर होते दुसऱ्याच तुरुंगात.

"माह्या भाकरी कोण खाल्ल्या, देव जाणे," ते हसत म्हणाले. "चांगल्या लागल्या असतीन." मग बराच वेळ सुईत दोरा ओवत बसले.

माझा नवरा मालवाहू ऑटो चालवतो. कुणाच्या तरी शेतातली मोटर चोरीला गेली आणि एका मंगळवारी दुकानासमोरूनच पोलिसांनी त्याला गाडीत बसवलं. मी खडू उचलला आणि फळीवर लिहिलं: 'मंगळवार, दहा वाजता. दोन पोलीस. पांढरी गाडी.' खाली गाडीचा नंबर.

बुधवारी दुपारपर्यंत तो आला नाही. मास्तरांनी ठाण्यात फोन केला. उत्तर आलं, "असा कोणी इथं आणलाच नाही."

मास्तरांनी कात्री खाली ठेवली आणि खाचेतून फळीच काढली. "चाल पोरी."

रिक्षात फळी आमच्या दोघांच्या मांडीवर आडवी. अक्षरं पुसू नयेत म्हणून वर अस्तराचं कापड.

"हे काय आणलं मास्तर?" ठाण्यातल्या जमादारानं विचारलं.

"वाचा साहेब. चोवीस तासाच्या वर झाले. कोर्टापुढं उभं करा, नाही त घरी पाठवा. तवा आमाले विचारता येत नव्हतं. आता येते."

आवाज शांत होता. बोलता बोलता त्यांनी फळीवरचं अस्तर दूर केलं.

जमादारानं वाचलं. "हे कोणं लिवलं?"

"मी," मी म्हणाले. ठाण्यात मी एवढंच बोलले.

तो आत गेला. थोड्या वेळानं आतल्या खोलीतून माझा नवरा बाहेर आला, हातात चपला घेऊन. "चौकशीले बसवला होता," जमादार म्हणाला. "न्या."

दुकानात फळी परत बसवल्यावर मास्तर मला म्हणाले, "पूस आता. माणूस घरी आला का पुसाच."

त्या संध्याकाळी मी भाकरी थापत राहिले आणि नवरा खात राहिला. कोण खातंय ते डोळ्यांना दिसत होतं.

गेल्या हिवाळ्यात मास्तरांनी लिहिलं: 'जळगावच्या दवाखान्यात. पाचले येतो.' सोबत त्यांचा मुलगा होता. पाचच्या सुमाराला गाडी आली, ती त्यांचा देह घेऊन. कुठे गेले, कुणासोबत, सगळ्या गावाला ठाऊक होतं.

मास्तरांच्या अंगणात माणसं जमली. मी दुकानापाशी गेले आणि तळहातानं ती ओळ पुसली.