ज्याची ओळ, त्याला विचारलंत काय?

अ‍ॅडव्होकेट यशोधराताई धनवडे यांची आणि माझी पहिली भेट शाळेच्या कार्यालयात झाली. नव्वदीच्या दशकाची सुरुवात होती. कागलच्या अलीकडे आमची शाळा. मी मराठी शिकवायचो, आणि मुलांच्या नोंदींचं जनरल रजिस्टरही माझ्याच ताब्यात असायचं. एका अशिलाच्या जन्मतारखेसाठी ताई आल्या होत्या. मी मोठ्या कौतुकाने ते भलंथोरलं रजिस्टर त्यांच्यापुढे उघडलं. त्यांनी पिशवीतून पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या काढल्या, एक वर ठेवली, एक खाली, आणि मधली तेवढी एकच ओळ वाचली.

"हे काय हो बाई?" मी विचारलं.

"बाकीच्यांनी मला कुठं वकीलपत्र दिलंय, गुरुजी?"

मी हसलो. घरी चहा पिताना हा किस्सा सांगितला आणि बाई जरा शिष्टच आहेत, असंही म्हणालो. ताईंच्या षष्ट्यब्दीच्या ग्रंथात हे लिहिताना हात अडखळतो, पण लिहायला हवं.

पुढच्या दहा-बारा वर्षांत कोल्हापुरात संगणक आले. माणसाच्या हक्कांची गोष्ट निघाली की आम्हाला पोलीस ठाणं आठवायचं. ताईंना संगणकाचा पडदाही दिसायचा. एका दवाखान्याच्या दारावर रक्ततपासणीची छापील यादी नावांसकट चिकटवलेली होती, ती ताईंनी उतरवायला लावली. एका नेटकॅफेवाल्याच्या संगणकात कॉलेजच्या मुलींचे फोटो आणि फोन नंबर साठले होते. ताई त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. त्याने चहा विचारला, तर म्हणाल्या, "पुसून झाल्यावर पिऊ." दुपारची संध्याकाळ झाली, तेव्हा कुठे त्यांनी कप हातात घेतला. त्या कपाची हकीकत त्यांच्या ज्युनिअर वकिलांकडून ऐकताना मी मान डोलावली होती. आपल्याला ते लागू आहे, असं मात्र वाटलं नव्हतं.

मला लहानपणापासून पाठ्यपुस्तकातल्या कवितांचं वेड. वर्गाने एका सुरात कविता म्हणायची, बाकांवर बोटांनी ताल धरायचा, खिडकीतून उसाच्या तुऱ्यांवरचं ऊन दिसायचं. ते दिवस आजही डोळ्यांसमोर तरंगतात. खरं सांगायचं तर रजिस्टरही मला कवितेसारखंच वाटे. नाव, बापाचं नाव, गाव, जन्मदिवस. मोकळ्या तासाला मी ते हलक्या चालीत वाचत बसे.

मी निवृत्त झालो आणि काही वर्षांनी शाळेचा सुवर्णमहोत्सव आला. मी समितीचा चिटणीस. जुन्या विद्यार्थ्यांना भेट काय द्यावी, तर माझ्या डोक्यात आलं: सगळं रजिस्टर संगणकावर उतरवून त्याची सीडी द्यायची. ज्याला त्याला आपलं नाव सापडेल. टाइप करणाऱ्या कॉम्प्युटर क्लासच्या मॅडमनी मला विचारलं होतं, "गुरुजी, शेवटचा शेऱ्याचा रकाना घ्यायचा काय?"

मी म्हणालो, "जसंच्या तसं घ्या. कविता अर्धी म्हणतात काय?"

हे माझं वाक्य. समारंभात सीड्या वाटल्या. परगावी असलेल्यांसाठी एका माजी विद्यार्थ्याने ते सगळं इंटरनेटवरही चढवलं. टाळ्या झाल्या.

महिन्याभराने ताई माझ्या दारात उभ्या राहिल्या. आमच्या शाळेतून शिकून गेलेली एक मुलगी त्यांच्याकडे आली होती. तिचा साखरपुडा पंधरा दिवसांवर होता. रजिस्टरात तिच्या बापाच्या रकान्यात आईचं नाव होतं, आणि शेऱ्यात त्याचं कारण. तो शेरा मीच लिहिला होता, तिला वसतिगृहात जागा मिळावी म्हणून, माझ्या वळणदार अक्षरात.

"आज काढून घ्या," ताई म्हणाल्या. "इंटरनेटवरचं आज. सीड्यांचं उद्यापासून बघू."

"समितीचा ठराव लागंल. बैठक पुढच्या रविवारी हाय."

"गुरुजी, आज."

"पण त्यात खोटं काय हाय, ताई?"

"खरं हाय, म्हणूनच तर आलोय. ज्याची ओळ, त्याला विचारलंत काय तुम्ही?"

मी रविवारपर्यंत थांबलो. नियम म्हणून थांबलो, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे माझी कविता कुणी खोडायला सांगतंय, याचा राग आला होता. शुक्रवारी नवऱ्या मुलाच्या मामांनी घरच्या संगणकात सीडी घातली. ते आमचेच विद्यार्थी. स्वतःचं नाव शोधता शोधता त्यांना तिचं सापडलं. शनिवारी सोयरीक मोडल्याचा निरोप गेला. रविवारी आमचा ठराव एकमताने मंजूर झाला.

ताईंनी मला एका शब्दाने दुखावलं नाही. "चला, सीड्या गोळा करू," एवढंच म्हणाल्या. कागल, मुरगूड, पार आजऱ्यापर्यंत आम्ही एसटीने हिंडलो. दारोदारी मी मागायचो, त्या शेजारी उभ्या राहायच्या. एकजण म्हणाला, "गुरुजी, दिलेली भेट परत मागत्यात व्हय?" दुसऱ्याने आम्हाला शेतात नेलं. जोंधळ्यावर दोऱ्याला बांधलेली सीडी उन्हात चकाकत होती. "पाखरं बुजत्यात चांगली. न्यायची तर न्या, पर बदल्यात दुसरी द्या." ताई मनमोकळ्या हसल्या आणि पिशवीतून एक कोरी सीडी काढून त्याला दिली. मला हसता आलं नाही. बऱ्याच सीड्या मिळाल्या, सगळ्या नाहीत. इंटरनेटवरचं काढलं, तर ते आणखी कुठेतरी उमटलेलं निघालं. ताई वर्षभर त्याच्या मागे होत्या.

पुढे त्यांनी शाळाशाळांत जाऊन जुन्या नोंदी संगणकावर घेताना शेरा वगळायला लावला. अशा सभांत त्या आमची गोष्ट सांगत, पण "एका शाळेत" एवढंच म्हणत. मी मागच्या खुर्चीत बसून ऐकायचो. एकदाही उठून "ती शाळा माझी, ते अक्षर माझं" असं म्हणालो नाही. त्यांच्या त्या भलेपणाआड मी इतकी वर्षं लपलो.

या लेखासाठी मी ताईंची परवानगी मागितली. त्या म्हणाल्या, "मला कशाला विचारताय? तिला विचारा." मी गेलो. ती कुठे असते, काय करते, हे लिहीत नाही. तिने दारातच ऐकून घेतलं.

"लिवा. पर माझं नाव, गाव, काय बी नको. त्या शेऱ्यातले शब्द तर न्हाईतच. आई हाय अजून."

"मग मी काय लिहू?"

"तुमचं लिवा की, गुरुजी."

म्हणून माझंच लिहिलं. लेख पुरा झाल्यावर पुन्हा गेलो आणि तिला वाचून दाखवला. तिने दोन वाक्यं काढायला सांगितली. का, ते विचारलं नाही. तिच्यासमोरच काट मारली. ती बसा म्हणाली नाही, आणि तशी अपेक्षा करण्याचा मला हक्कही नाही.

ताईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. कोर्टाचे जिने चढताना त्यांचे गुडघे आता दुखतात, ते बरे राहोत. रक्तदाबाची गोळी त्या वेळेवर घेवोत. त्यांना भरपूर आणि निरोगी आयुष्य लाभो. त्यांना विश्रांती मिळो, असंही लिहिणार होतो. पण माझ्यासारखी चांगल्या मनाची माणसं गावोगाव संगणकासमोर बसली आहेत, तोवर ते मागायला जीभ रेटत नाही.