पाहुण्यांच्या गावांची गांधीलमाशी

आमच्या रुद्राणीला लहानपणापासून एक खोड आहे. एखादी गोष्ट तिच्या मनात बसली, की मग तिला रागवा, समजवा, नाहीतर स्थळं दाखवा, ती सगळं ऐकून घेते आणि पुन्हा आपल्या जागेवर जाऊन बसते. ती माझी आतेबहीण. आमच्यात आतेबहिणीवर मामाच्या मुलाचा हक्क धरतात, त्यामुळे आमचं दोघांचं जमवायचं थोरल्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. रुद्राणीनं मला निलंग्याच्या बसस्टँडवर गाठलं आणि म्हणाली, "वीरेश, तू नकार दे, न्हाईतर मी देते." मीच दिला. तेव्हापासून आमचं कधी बिनसलेलं नाही.

निलंग्यात माझं बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. ती रोज एसटीनं शिरूर अनंतपाळला जाते, तिथल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. उरलेल्या वेळात किडे गोळा करते. म्हणजे ज्यांना मारायची औषधं मी विकतो, त्यांना ही बाई डबीत घालून हरभऱ्याचा पाला खाऊ घालते. दुकानात आली की माझ्या बाटल्यांकडं अशी बघते, जणू मी चोरीचा माल मांडलाय.

तिची गांधीलमाशी म्हणजे पोळं करून डसणारी, आपल्याला माहीत असलेली नव्हे. ही डासाएवढी, परजीवी जातीतली. हरभऱ्यावरची घाटेअळी लहान असतानाच ही तिच्या अंगात अंडं घालते. पिल्लू अळीला आतून खातं, बाहेर येतं आणि वाळक्या कातड्याशेजारी कोष विणतं. कोषातून नवी माशी निघते, आणि शेतकऱ्याची एक अळी फुकटात कमी होते. हे ऐकल्यावर माझा चेहरा पडला होता, तेव्हा ती पोटभर हसली होती.

या माशीची एक जात पुस्तकात आधीपासून आहे. तिच्या मागच्या मांड्या केशरी असतात. पण रुद्राणीला तिच्या आईच्या शेतात, हरभऱ्यात जी सापडली, तिच्या मांड्या काळ्याभोर होत्या. तोंडावरही काळा डाग. रुद्राणीच्या मनात बसलं, की ही वेगळीच जात आहे, जगात कुणी न नोंदवलेली. नव्या जातीला नाव देण्याचा मान ती शोधून काढणाऱ्याचा असतो, आणि ते नाव पुस्तकात कायमचं राहतं. तिनं नाव ठरवून टाकलं होतं. आईचं, सुकन्येचं.

सुकन्या म्हणजे माझी आत्या. ते शेत तिनंच सांभाळलं. रुद्राणीचे वडील माणिकप्पा, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, ते स्वभावानं गरीब, कुणी बांध कोरला तरी गप्प बसणारे. आत्या भांडायची, पेरायची, राखायची, आणि पोरीला शिकवायची. दोन वर्षांपूर्वी आजारपणात ती गेली. आमच्या घराण्यात कुणाच्या नावाची साधी पाटीसुद्धा कुठं लागलेली नाही. त्या बाईचं नाव जगाच्या पुस्तकात लागणार म्हटल्यावर मीही ते एका कोऱ्या पावतीवर लिहून पाहिलं, खोटं कशाला सांगू!

रुद्राणीनं गावोगाव हिंडून माशा जमवल्या. औराद, हलगरा, कासार शिरसी, वलांडी, साकोळ. सापडलेल्या प्रत्येक गावाला नकाशावर एक ठिपका. मग तिनं तो नकाशा आणि माशांचे फोटो एका मोठ्या संग्रहालयातल्या जाणकार बाईंना पाठवले. बाईंनी सगळं नीट पाहिलं आणि एकच विचारलं, "ही याच गावांत का? मधल्या गावांत का नाही?"

रुद्राणी कारण शोधायला लागली. जमीन तपासली, पाणी तपासलं, वारा तपासला. शेवटी एक दिवस वैतागून तिनं तो नकाशा माझ्या काउंटरवर पसरला. मी गिऱ्हाइकाला पावती देता देता सहज त्यावर नजर टाकली आणि मला हसूच आवरेना.

"काय झालं हसायला?"

"रुद्राणी, आमच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या पत्रिका मी याच रस्त्यानं वाटल्यात! हे औराद, थोरल्या काकूचं माहेर. वलांडीला दुसरी आत्या दिलेली. साकोळला मावशी. ही माशीची गावं न्हाईत, आपल्या पाहुण्यांची गावं हायत."

ती हसली नाही. एकेका ठिपक्यावर बोट ठेवून तिथल्या पाहुण्यांची नावं घेत गेली. बाईमाणूस एकटी हिंडणार, तर मुक्कामाला आणि जेवायला पाहुण्यांचंच घर बरं, म्हणून ती तिथंतिथंच गेली होती. आणि पाहुण्यांकडं आपण जातो कधी? हुरड्याच्या दिवसांत, ऐन थंडीत. मधल्या गावांत माशी नव्हती असं नव्हे, तिथं रुद्राणीच गेली नव्हती.

"जिथं आपलं कोणी न्हाई, तिथं जायला पाहिजे," ती म्हणाली. नकाशावर हात फिरवत तिनं मुखेडवर बोट ठेवलं. नांदेड जिल्हा, कोरडवाहू मुलूख. आमच्या सात पिढ्यांत तिकडं कुणी मुलगी दिलेली नाही.

उदगीरवरून एसटी बदलून ती गेली. मुखेडच्या पुढं एका गावाजवळ रस्त्याला लागून हरभऱ्याचं छान रान होतं. ओढ्याकडं उतरतं, फवारणी न झालेलं. मालकाचं नाव किशनराव. त्यांनी हिच्या हातातली जाळी पाहिली, फोनवर जागेची खूण करताना पाहिलं, आणि आपल्याकडं अनोळखी माणसाला पहिला विचारतात तो प्रश्न विचारला.

"कुणाकडं आलात? कुणाचे पाहुणे?"

"कुणाकडं न्हाई. मी माशी शोधायलेय."

"रस्त्याचा सर्वे करायलाव म्हणा की सरळ! न्हाई, न्हाई. रानात पाय ठेवायचा न्हाई."

तिनं कॉलेजचं ओळखपत्र दाखवलं. ते बघून, रस्त्याला जमीन घ्यायला सरकारी माणूस आलंय, हा त्यांचा संशय वाढलाच. पंधरवड्यानं पुन्हा गेली, पुन्हा हाकललं. शेजारच्या रानवाल्यानंही तेच विचारलं आणि तेच केलं. परत आली ती पायाला फोड घेऊन, आणि माझ्या दुकानात पाणी पिऊन म्हणाली, "पुढच्या आठवड्यात परत जाते."

"मार खाशील," मी म्हणालो. "आणि जायचंच असंल तर येळवशीला जा. त्या दिवशी कोण हाकलतंय?"

वेळ अमावस्या, आमची येळवस. त्या दिवशी लातूरची बाजारपेठसुद्धा ओस पडते. जो तो रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपट करायचं, पाच दगडांचे पांडव पुजायचे, मिसळभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि ताकातली आंबील, आणि बांधावरून जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवायचं. त्या दिवशी कुणी कुणाला कुणाचे पाहुणे म्हणून विचारत नाही. मी बोलून गेलो आणि लगेच जीभ चावली, कारण त्याच दिवशी आत्याच्या शेतात पूजा असते आणि ती रुद्राणीनं करायची असते.

तिनं आप्पांना विचारलं. आप्पा कपाळावरचं भस्म पुसल्यासारखा हात फिरवत म्हणाले, "जा. कोप मी करतो." आमच्या काकवा-मावश्यांनी मात्र तिला आणि मला फोनवर धू धू धुतलं. माझ्या बायकोनं तर माझा डबाही भरून दिला नाही.

मोटारसायकलवर थंडीनं काकडत आम्ही मुखेडकडं पोचलो. किशनरावांच्या रानाच्या कडेनं नुसतं हळूहळू चालत राहिलो. व्हायचं तेच झालं. कोपीतून बाईचा आवाज आला, "अवो ताई, पुढं कुठं चाललाव? या, आंबील घ्या!" त्या किशनरावांच्या बायको, सिंधुताई. किशनरावांनी रुद्राणीला ओळखलं, तोंड वाकडं केलं, पण हातानं घोंगडी झटकून पसरली. येळवशीला आलेल्या माणसाला जा म्हणणं त्यांच्या बापाच्यानंही झालं नसतं.

जेवणं झाल्यावर रुद्राणीनं हळूच विचारलं, "ताई, तुमच्या हरभऱ्यातल्या थोड्या अळ्या नेऊ का?"

सिंधुताई हसून हसून बेजार. "थोड्या कशाला? समद्या न्या की माय! पाहुण्याला काय न्हाई म्हणायचं?"

मग किशनरावही विरघळले, धाकल्या अळ्या कुठल्या पाल्याखाली बसतात ते दाखवायला पुढं झाले. प्रत्येक अळी वेगळ्या डबीत, कारण एकत्र ठेवल्या तर त्या एकमेकींना खातात. जाळीत माशाही आल्या. ओढ्याच्या गारठ्यातल्या झुडपांशी काळ्या मांड्यांची माशी सापडली, तेव्हा रुद्राणीनं माझा दंड असा दाबला की वळ उठला.

संग्रहालयातल्या बाईंनी फोटो पाहिले आणि कळवलं, की आता शंका नाही, लिहायला घ्या. मी दुकानात पेढे आणले. रुद्राणीनं पेढा हातात धरला, पण खाल्ला नाही.

"वीरेश, त्याच रानात वरल्या अंगाला, उन्हाच्या बांधाशी केशरी मांड्यांच्या बी होत्या. ओढ्याकाठी काळ्या, उन्हात केशरी. असं का?"

"असंल काहीतरी. आता बाई हाव म्हणल्या ना?"

"बाई हाव म्हणल्या. मी म्हणले न्हाई अजून."

मला राग आला. सगळं हातात आलं असताना ही बया पुन्हा काय उकरून काढते! पण ती उकरतच राहिली. किशनरावांच्या रानातले आणि आईच्या शेतातले कोष घेतले, दोन्हींचे निम्मे निम्मे वाटे केले, एक वाटा कॉलेजच्या थंड पेटीत ठेवला, एक उबदार पेटीत. थंडीनंच माशी काळी पडत असेल, तर उबेत ती केशरी निघेल. नसेल, तर काळीच निघेल. तिनं मला हे सांगितलं तेव्हा मी मनात म्हटलं, देवा, काळीच निघू दे.

फाल्गुन लागता लागता एका दुपारी ती दुकानात आली. पिशवीतून डबी काढली, भिंग काढलं आणि माझ्यापुढं सरकवलं. मी पाहिलं. मांड्या केशरी. तोंडावर डाग नाही.

"मुखेडच्या का?"

"न्हाई. आईच्या शेतातल्या. उबेत ठेवलेल्या समद्या केशरी निघाल्या. थंडीतल्या समद्या काळ्या. वेगळी जात न्हाई, वीरेश. पुस्तकातलीच हाय."

ती खताच्या पोत्यावर बसली आणि रडली. मोठ्यानं नाही, पण थांबवेना.  आत्या डोळ्यांपुढं आली, पदर खोचून बांधावर उभी. मी शटर अर्धं ओढून घेतलं.

"ऐक," मी म्हणालो, "हे तुला ठाव आणि मला. टाकून दे त्या डब्या. आत्याचं नाव लागून जाऊ दे."

तिनं डोळे पुसले. "आणि उद्या दुसरं कुणी हेच करून बघंल. मग आईचं नाव खोडायला परकं माणूस येईल. त्यापरीस मीच खोडते."

मी शटर पुन्हा वर ढकललं. तिनं त्याच आठवड्यात बाईंना सगळं कळवलं. आप्पांना सांगायला मी सोबत गेलो, कारण तेवढी एक गोष्ट तिला एकटीला जड जात होती. आप्पा शेतात बांधाचे दगड नीट लावत होते.

"म्हणजे सुकन्येच्या नावाची माशी न्हाई?"

"न्हाई, आप्पा."

आप्पांनी हातातला दगड जागेवर बसवला. "पण आपल्या शेतात हाय का न्हाई?"

"शेतात हाय की."

"मग झालं," आप्पा म्हणाले आणि पुढचा दगड उचलला.

तिचा लेख निघाला. त्यात नव्या जातीचं नाव नाही. काळ्या आणि केशरी या एकाच माशीच्या दोन तऱ्हा, असं लिहिलंय आणि नवा नकाशा आहे. त्यासाठी ती वर्षभर, उन्हातान्हात, मधल्या गावांतून हिंडली. सापडली तिथं ठिपका, शोधूनही सापडली नाही तिथं रिकामं वर्तुळ. यंदा वलांडीला पुन्हा पाहिलं तर सापडली नाही, म्हणून तिथं या सालाचं रिकामं वर्तुळ आलं. वलांडीच्या आत्याला हे कळल्यापासून ती फुगून बसलीय. आमच्याच गावाला कमीपणा का म्हणून, हे तिचं म्हणणं. रुद्राणी तिच्याकडं जाऊन जेवून आली, पण वर्तुळ भरलं नाही.

यंदाच्या येळवशीला ती आईच्या शेतातच होती. पूजा तिनंच केली. कोपीत किशनराव आणि सिंधुताई होते, मुखेडहून गाडी करून आलेले, सोबत त्यांच्या रानातल्या हरभऱ्याची मोठी पेंढी. रुद्राणी मधेच उठून हरभऱ्यात वाकली आणि कितीतरी वेळ काहीतरी बघत राहिली. मी जाऊन पाहिलं, तर पाल्यावर एक काळ्या मांड्यांची माशी फिरत होती. तिनं जाळी काढली नाही. नुसतं बघितलं आणि परत येऊन आंबील प्यायली.

"आता काय, आपण पाहुणेच झालो की," सिंधुताई कौतुकानं म्हणाल्या. "कधी बी या मुखेडला. मुक्कामालाच या."

रुद्राणी हो म्हणाली, हसली, आणि बोटांवर आपल्या पाहुण्यांची गावं मोजायला लागली, आता मुखेडसकट. ते लक्षण मला चांगलं ओळखीचं आहे. मी नजर चुकवली, पण उपयोग झाला नाही.

"वीरेश," ती म्हणाली, "देगलूरच्या बाजूला आपलं कुणी हाय का रं?"

मी दोन्हीकडचे सगळे पाहुणे आठवून पाहिले. "कुणीच न्हाई."

"मग गाडीत पेट्रोल भरून ठेव."